लाल गाडीचा वेग

गाड्या अजून बोलत होत्या, तेव्हाची गोष्ट. एका सोसायटीत लाल स्पोर्ट्स सेडान आणि पांढरी घरगुती सेडान शेजारी उभ्या असत. लालला एका जागी राहवत नसे. "काकू, तुम्ही शंभरचा वेग गाठेपर्यंत मी खोपोलीला पोचते!" ती डिवचायची.

"पळ बाई, पण रस्ता बघून," पांढरी म्हणायची.

एका दुपारी लालच्या मालकिणीला, मृण्मयीला, कळा सुरू झाल्या. तिचा नवरा श्रीरंग तिला घेऊन लाल गाडीत बसला. गाडी सुसाट सुटली आणि वस्तीजवळच्या नव्या, उंच स्पीडब्रेकरवर पोट घासून अडकली. चाकं गरगरली, इंजिन गुरगुरलं, गाडी हलेना. "श्रीरंग, कर ना काहीतरी!" मृण्मयी कळवळली. मागून पांढरी गाडी आली. तिच्यातल्या शेजाऱ्यांनी दोघांना आत घेतलं आणि ती उंचवटा हळूच ओलांडून दवाखान्याकडे निघाली.

लाल गाडी स्पीडब्रेकरवर खेकसली, "सरकारी रस्त्यावर तुला कुणी बसवलं रे?"

"वस्तीतल्या लोकांनी, स्वतः सिमेंट कालवून," तो म्हणाला. "रविवारी तू इथेच एका मुलीला उडवलंस आणि थांबलीही नाहीस. सोमवारी त्यांनी मला बांधलं."