कड्याचं बोलावणं

डोंगर अजून बोलत होते, तेव्हाची गोष्ट. बंदराच्या गावामागे डोंगरात एक पायवाट होती आणि तिच्या शेजारी समुद्रावर झुकलेला कडा. माणसं वाटेने जायची, कड्याला टाळायची. कड्याला ते सलायचं.

धुक्यात तिथली रीत अशी, की मागच्याने हाक मारायची, पुढच्याने नाव सांगायचं आणि त्या आवाजाच्या रोखाने चालायचं. कडा ऐकत राहिला. आधी आवाज शिकला, मग नावं. श्रावणात टपाल वाटणारा धाकू अशाच आवाजामागे गेला.

"आता माझ्याकडेही माणसं येतात," कडा म्हणाला.

"येतात, पण परत जात नाहीत," वाट म्हणाली.

पुढच्या धुक्यात मासळीची पाटी घेतलेल्या शेवंतीने हाक दिली, "फुडे कोण आसा रे?"

"मी धाकू. ये हकडे."

आवाज हुबेहूब धाकूचा होता. शेवंतीने उचललेलं पाऊल मागे घेतलं. धाकूच्या तेराव्याला ती जेवून आली होती. ती तिथेच खाली बसली आणि म्हणाली, "मगे तूच ये हकडे."

धुकं विरलं, शेवंती घरी गेली. पण कड्याला आजवर कुणी 'ये' म्हटलं नव्हतं. तेव्हापासून दर पावसाळ्यात तो वीतभर वाटेकडे सरकतो.

आता दोनच पावलं उरली आहेत.