कुंडात वाढलेले मासे

डोंगराच्या कुशीतल्या एका जंगलात, नदीकाठच्या कपारीत एक पाणमांजरी राहत असे. मुलांनो, त्या नदीला मध्येच एक लहानसा धबधबा होता. दरवर्षी पाणी वाढले की दूर खालच्या डोहांतले चंदेरी मासे प्रवाहाच्या उलट पोहत वर येत. धबधब्यावरून उड्या मारत ते पलीकडच्या उथळ पात्रात पोहोचत, तिथल्या गोट्यांमध्ये अंडी घालत आणि परत खाली जात. जंगलात त्यांना चढणीचे मासे म्हणत. पाणमांजरी, बगळा आणि खंड्या या तिघांचे पोट त्या माशांवर आणि त्यांच्या पिल्लांवर चाले. चढणीच्या पहिल्या तीन दिवसांत धबधब्यापाशी कोणी मासा धरायचा नाही, अशी तिथली रीत होती.

एका वर्षी मासे निम्मेच आले. बगळा म्हणाला, "पाऊस उशिरा आला ना, म्हणून." दुसऱ्या वर्षी पाऊस वेळेवर आला, पण मासे आणखी कमी झाले. तेव्हा बगळा म्हणाला, "पाणी फार गढूळ होते. पुढच्या वर्षी बघा." तिसऱ्या वर्षी पाणी नितळ होते. चढणीच्या दिवसांत तिघेही सकाळपासून काठावर येऊन बसले, पण दुपारपर्यंत पाच-सहाच मासे धबधबा चढून गेले. त्या वर्षी खंड्याच्या घरट्यातली दोन पिल्ले उपासमारीने गेली. आठ दिवस त्याची शीळ ऐकू आली नाही.

पाणमांजरीला नुसते बसून राहणे जमत नसे. काठाला लागूनच एका झऱ्याचे कुंड होते. त्याचे पाणी एका अरुंद वाटेने नदीला मिळे. तिने वरच्या पात्रात जाऊन अंडी चिकटलेले गोटे तोंडात धरून एकेक करून कुंडात आणले. मग दगड रचून ती वाट बंद केली आणि म्हाताऱ्या कासवाला तिथे राखणीला बसवले.

"कासवआजोबा, साप किंवा खेकडा आत येऊ देऊ नका," ती म्हणाली. "ही पिल्ले मोठी झाली की आपण नदीत सोडू. तीन वर्षांनी ती परत याच जागी येतील. मासा आपली जागा विसरत नाही."

अंडी फुटली. कुंड पिल्लांनी भरून गेले. नदीत शंभरातली चार-पाच पिल्ले जगत, इथे मात्र बहुतेक सगळी जगली. पाणमांजरी रोज वारूळ फोडून वाळवीचा गोळा आणी आणि कुंडाच्या काठावर उभी राहून तो पाण्यात टाकी. काही दिवसांतच पिल्लांना त्याची सवय झाली. तिची सावली पाण्यावर पडली की सगळी पिल्ले तोंडे उघडून वर येत. ते बघायला जंगलातले प्राणी जमू लागले. हरणे पाणी पिता पिता थांबत. पाणमांजरीला आपल्या कामाचे फार समाधान वाटे, आणि ते वाटण्यासारखेच होते.

खंड्या कुंडावरच्या फांदीवर बसून बघत असे. कुंडातल्या एकाही पिल्लाला हात लावणार नाही, असा शब्द त्याने दिला होता आणि तो त्याने पाळला. एके दिवशी तो म्हणाला, "ताई, ही पिल्ले सावलीला भीत नाहीत."

"भ्यायची कशाला?" पाणमांजरी म्हणाली. "इथे त्यांना खाणारे कोण आहे?"

"इथे नाही," खंड्या म्हणाला. "खाली आहेत."

"मोठी झाली की शिकतील," असे म्हणून ती वाळवी आणायला निघून गेली.

पुढच्या पावसात दगड काढले आणि हजारो पिल्ले नदीत उतरली. ती दिसेनाशी होईपर्यंत सगळे काठावर उभे राहिले. पाणमांजरीने त्या वर्षीही अंडी आणली, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. तेव्हा बगळा म्हणाला, "आता ती तीन दिवसांची रीत कशाला हवी? वर जाऊन अंडी घालणारे मासे लागतातच कितीसे? कुंड भरण्यापुरते चार-दोन पुरेत. बाकीचे धरायला काय हरकत आहे?"

खंड्याने नको म्हटले. सगळ्यांनी पाणमांजरीकडे पाहिले. ती म्हणाली, "कुंड आहे ना आपले. काळजी कसली?" त्या दिवसापासून धबधब्यापाशी पहिल्याच दिवशी मासेमारी सुरू झाली. नदीतले जे थोडे मासे अजून येत होते, तेही वर पोहोचेनासे झाले. सगळ्यांची पोटे भरली होती, म्हणून कोणाला त्याचे काही वाटले नाही.

पहिली पिल्ले परतायचे वर्ष आले. पाणमांजरीला तेव्हा दोन लहान पिल्ले होती. पाणी वाढल्यावर ती कुंडाच्या तोंडाशी येऊन बसली. एक दिवस गेला, दोन गेले. "वाटेत असतील," बगळा म्हणाला. पाचव्या दिवशी मात्र त्याने काही कारण सांगितले नाही. खंड्या नदीच्या कडेकडेने खाली उडत गेला आणि दोन दिवसांनी भिजून, दमून परत आला.

"सांग," पाणमांजरी म्हणाली.

"खालच्या डोहावर पाणकावळे आहेत," खंड्या म्हणाला. "तिथे मला एक म्हातारी टिटवी भेटली. ती म्हणाली, तीन वर्षांपूर्वी एक नवलच घडले. वरून पिल्लांचे थवेच्या थवे आले. पाणकावळ्यांची सावली पडली, की ती पळायच्या ऐवजी तोंडे उघडून वर येत. पाणकावळ्यांना बुडी मारावी लागली नाही. पुढच्या वर्षी आलेल्यांचेही तसेच झाले."

पाणमांजरीने कुंडाकडे पाहिले. मग ती म्हणाली, "ते मीच शिकवले त्यांना."

आठव्या दिवशी अकरा मासे आले. हजारोंमधले एवढेच उरले होते. ते धबधब्याकडे गेले नाहीत, सरळ कुंडाच्या तोंडाशी येऊन थांबले. पाणमांजरी काठावर उभी राहिली. तिची सावली पाण्यावर पडताच अकराही मासे तोंडे उघडून वर आले. हातभर अंतरावर होते. तिची पिल्ले मागे भुकेने कुरकुरत होती.

"धर ना," बगळा हळूच म्हणाला. "तुझेच आहेत. तूच वाढवलेस."

पाणमांजरीने शेपटी उचलली आणि जोराने पाण्यावर आपटली. मासे दचकून मागे सरले, पण थोड्याच वेळात पुन्हा आले. ती पाण्यात उतरली, त्यांच्यामागे धावली, त्यांच्या शेपट्यांना चावली. असे ती दिवसभर करत राहिली. संध्याकाळपर्यंत तिच्या सावलीचा कोपरा दिसला तरी मासे पळू लागले. पळता पळता ते धबधब्याखाली पोहोचले आणि एकेक करून वर चढून गेले. बगळा पुढे सरकला तेव्हा खंड्या त्याच्या चोचीसमोर फडफडत राहिला. कासव येऊन धबधब्याच्या तोंडाशी बसले.

त्या वर्षी पाणमांजरीने पिल्लांना खेकड्यांवर आणि बेडकांवर वाढवले. एक पिल्लू फार अशक्त झाले, पण वाचले. बगळा दुसऱ्या तळ्यावर निघून गेला. पाणमांजरीने कुंडाच्या वाटेवरचे उरलेले दगडही काढून टाकले. वरच्या पात्रात अंडी फुटली. साप आले, खेकडे आले, खंड्यानेही चार पिल्ले उचलली. जी वाचली ती गोट्यांखाली लपायला शिकली.

मासे पूर्वीसारखे व्हायला फार वर्षे लागली. पाणमांजरी तोवर म्हातारी झाली होती आणि तिला दूरचे दिसत नव्हते. एका सकाळी तिची मुलगी धावत आली. "आई, धबधब्याखाली पाणी दिसत नाहीये," ती म्हणाली, "नुसते मासेच दिसताहेत."

"मग आपण जरा लांबच बसू, आपली सावली त्यांच्यावर नको," म्हातारी म्हणाली, आणि दोघी काठावरून मागे सरल्या.

तात्पर्य : आपण केलेल्या सोयीच्या भरवशावर निसर्गाने घालून दिलेली वाट मोडू नये, आणि ज्यांना वाढवायचे, त्यांना नुसते जपू नये, जगायलाही शिकवावे.