घारीने आणलेला शंख

फार पूर्वी एका किनाऱ्यावर पर्यटक येईनासे झाले आणि सांडलेल्या भेळेवर जगणारे शंखातले खेकडे उपाशी पडले. एके दिवशी घारीने मोठा चकचकीत शंख आणून ठेवला. "फुटके शंख बदला. किनारा सजला की माणसं परततील!"

खेकड्यांच्या रीतीप्रमाणे सगळे रांगेत उभे राहिले. पुढच्याने शंख सोडला की मागच्याने त्यात शिरायचं.

रांगेतल्या म्हाताऱ्या विसूआजोबांना मात्र शंका आली.

"आजोबा, तुम्ही राहा फुटक्यातच!" मागून कोणी हसलं.

आपणच भित्रे असू, असं वाटूनही त्यांनी विचारलं, "घारताई, बदलताना आमची मऊ अंगं उघडी पडतील. तेवढा वेळ डोळे मिटाल?"

"मिटेन की! फक्त सगळे एकदम बाहेर या."

अख्खी रांग आपापल्या फुटक्या शंखात आत सरकली.