दादरचा शिक्का

टपाल तिकिटांवरच्या शिक्क्यांची दुर्मीळता ठरवण्यात केळुसकर साहेबांचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि हे साहेब स्वतःच सगळ्यांना सांगत. रत्नागिरीच्या प्रदर्शनात परीक्षक म्हणून ते मुंबईहून आले होते. जो शिक्का कमी सापडतो त्याला गुण जास्त, हा त्यांचा नियम. पाकिटावरच्या बड्या नावाचा मोह पडू नये म्हणून ते पत्त्यावर काळा पुठ्ठा ठेवत आणि भिंगातून फक्त तिकीट बघत.

गावाकडून आलेल्या शेट्येबाईंनी एक पाकीट पुढे केलं. पुठ्ठा ठेवून साहेबांनी भिंग लावलं आणि ते मोठ्याने हसले.

"दादरचा शिक्का! अहो बाई, हे पोत्यानं मिळतात. दहापैकी शून्य!"

आजूबाजूचे लोकही हसले.

"पण साहेब, हे आमच्या शेजारच्या म्हातारीचं आहे. मुंबईला गेलेल्या मुलाकडून तिला एवढं एकच आलं. पोस्टमन दिसला की बिचारी रोज अंगणात येऊन उभी राहते. तुमच्या नियमानं किती गुण?"

"कोण हा दिवटा मुलगा?" साहेब गुरकावले.

"पुठ्ठा काढा की."

साहेबांनी पुठ्ठा काढला. नाव त्यांच्या आईचं होतं आणि अक्षर त्यांचं स्वतःचं. मान खाली घालूनच ते पुटपुटले, "दहापैकी दहा."

"एवढे नकोत, साहेब," शेट्येबाई म्हणाल्या. "ते कमी व्हावेत म्हणूनच तर तुमची आई रोज अंगणात उभी राहते."