पाच क्षय

“तीन क्ष अधिक दोन य... याचे पाच क्षय होतात का, गुरुजी? तुम्हीच सांगा!”

श्रीनिवास कुलथेचा आवाज एवढा चढला, की दर्ग्याच्या कट्ट्यावरची कबुतरं भर्रकन उडाली.

तांबोळी गुरुजी सुपातले जोंधळे निवडत होते. शाळेतून निवृत्त झाल्यावर ते गावाबाहेरच्या या दर्ग्यालगतच्या खोलीत राहायला आले होते. श्रीनिवासला बीजगणित त्यांनीच शिकवलं. आता तो तालुक्याच्या शाळेत सातवीला गणित शिकवायचा, आणि आपल्यासारखं गणित जिल्ह्यात कुणाला येत नाही, असं त्याचं ठाम मत होतं.

“नाही होत,” गुरुजी म्हणाले.

“मीही तेच म्हणतो! आणि हेडमास्तर मलाच सांगतात, पोरीच्या घरी जा, समजूत काढ. चोर सोडून संन्याशाला फाशी!”

“कुठली पोरगी?”

“मैना. वस्तीवरची. तपासणीला साहेब आले होते. हिला फळ्यापाशी उभं केलं. सरळ रूप द्या म्हटलं. हिनं लिहिलं, पाच क्षय. साहेब हसले. म्हणाले, पाच क्षय? दवाखान्यात न्या हिला! सगळा वर्ग फिदीफिदी हसला.”

“तू?”

“...मीही हसलो. साहेब हसल्यावर काय करणार? वर ही पोरगी म्हणते कशी, सर, मी ताळा करून पाहिलाय, जुळतंय. साहेबांसमोर! विजातीय पदांची बेरीज होत नाही, हा नियम मी घसा फोडून सांगितलेला. म्हटलं, नियम पाठ होईपर्यंत वर्गाबाहेर बसायचं.”

“मग?”

“बसली काही दिवस. मग यायचीच बंद झाली. आता म्हणे शाळा सोडवून मामाकडं धाडणार आहेत. यात माझा काय दोष?”

गुरुजींनी एक खडा वेचून बाजूला टाकला.

“ताळा कसा केला होता तिनं?”

“मला काय ठाऊक?”

“विचारलं नाहीस...”



गुरुजींनी तांब्यातल्या पाण्यात बोट बुडवलं आणि समोरच्या शहाबादी फरशीवर पोरीचं गणित लिहिलं.

“क्ष एक धर. य पण एकच धर.”

“डावीकडं तीन अधिक दोन... पाच.”

“उजवीकडं?”

“पाच गुणिले एक गुणिले...”

श्रीनिवास थांबला. पुन्हा मनाशी करून पाहिलं. पाचच.

“जुळतंय,” गुरुजी म्हणाले.

“योगायोग आहे हा!”

“आहेच. आता दोन्ही दोन धर.”

“डावीकडं सहा अधिक चार, दहा. उजवीकडं... वीस.” श्रीनिवासचा चेहरा खुलला. त्यानं मांडीवर थाप मारली. “बघा! नाही जुळत! म्हणजे चूक तिचीच ना?”

गुरुजींनी सूप खाली ठेवलं.

एवढ्या वर्षांत श्रीनिवासनं त्यांना कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं.

“ऊठ. फाटकाबाहेर उभा राहा.”

“काय?”

“बाहेर!”

चाळिशीचा, इस्त्रीच्या सदऱ्यातला माणूस उठला. कसा उठला, त्याचं त्यालाच कळलं नाही. ऊन माथ्यावर आलं होतं. गुरुवार होता. दर्ग्यात येणाऱ्या बायकांनी त्याला ओळखलं, पदर तोंडाला लावला आणि कुजबुजत आत गेल्या. त्याची कानशिलं तापली.

“गुरुजी, माझं काय चुकलं ते तरी सांगा!”

“नियम आहे.”

“कसला नियम?”

गुरुजी जोंधळे निवडत राहिले.

घाम मानेवरून पाठीत उतरला. परत निघून जावं, असं पाचदा मनात आलं, आणि पाय हलले नाहीत. शेवटी तो ओरडलाच, “अहो, माझं एकदा ऐकून तरी घ्या!”

शब्द तोंडातून गेला...

आणि तो स्वतःच दचकला. खाली धुळीत बघत उभा राहिला.

बऱ्याच वेळानं गुरुजी पाण्याचा तांब्या घेऊन फाटकाशी आले. त्यानं घटाघटा पाणी प्यायलं, तोंड पुसलं, आणि सायकल गावाकडं न वळवता वस्तीच्या वाटेला लावली.

मैना दारात भांडी घासत होती. मास्तर दिसताच ती राखेच्या हातानंच उठून भिंतीला टेकली. बाप बाजेवरून उठला, पण ‘या’ म्हणाला नाही.

श्रीनिवास अंगणात खालीच बसला.

“मैना, ताळा कसा केला होतास?”

तिनं बापाकडं पाहिलं. मग चुलीतला कोळसा आणून भिंतीवर लिहिलं. क्ष एक, य एक. पाच. पाच.

“आता दोन-दोन धरून बघ.”

पोरगी लिहीत गेली. दहापाशी आली, विसापाशी आली, आणि तिचा हात थांबला. तिनं पुन्हा तीन-तीन धरून पाहिलं. मग गर्रकन वळली. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज खणखणीत.

“एवढंच होतं, तर तेव्हाच का नाही सांगितलं, सर? फळ्यापाशीच का नाही?”

“तेव्हा मीही हसत होतो,” श्रीनिवास म्हणाला. बापानं हळूच बाजेवर जागा करून दिली.

तिन्हीसांजेला तो दर्ग्यात परतला. गुरुजी कबुतरांना दाणे टाकत होते.

“उद्यापासून येतेय शाळेत.”

गुरुजींनी मान हलवली.

“सगळ्या वर्गासमोर तिचा ताळा तिलाच मांडायला सांगणार आहे. मी हसलो होतो, तेही सांगणार आहे.”

गुरुजी दाणे टाकत राहिले.

श्रीनिवास जरा घुटमळला. मनात एक काटा राहिलाच होता.

“पण गुरुजी... उत्तर तर माझंच बरोबर होतं ना?”

गुरुजींची मूठ दाण्यांवर घट्ट मिटली.

“होतं ना... आणि तरी तिला बाहेर बसवलंस. त्याचाच तर संताप येतो.”