स्वहस्ताक्षरातला अर्ज

रेवती घुलेला जन्मापासून दिसत नव्हतं. परीक्षेत तिने सांगायचं आणि लेखनिकाने लिहायचं, एवढीच सोय तिला हवी होती. परीक्षा सोमवारी होती, लेखनिक मिळाला नाही तर वर्ष वाया जाणार होतं. आणि प्राचार्य निंबकर अर्ज परत पाठवत होते! पहिला टाईप केलेला म्हणून, दुसरा भावाने लिहिलेला म्हणून. तिसऱ्यावर अंगठा होता, तर म्हणाले, "अंगठा निरक्षरांचा. नियम वाच, अर्ज स्वहस्ताक्षरातच हवा."

ऑफिसातल्या मुळेबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो सर, तिला लिहिता आलं असतं तर लेखनिक कशाला मागितला असता?"

"मुळेबाई, तुम्ही मध्ये पडू नका."

शनिवारी रेवती चौथ्यांदा आली. तिने टेबलावर जाड कागद ठेवला. त्यावर नुसते उठलेले ठिपके होते.

"हे काय?"

"अर्ज, सर. ब्रेलमध्ये. पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्याच हाताने टोचलाय."

सरांनी कागद उलटा केला, सुलटा केला, चष्मा बदलून पाहिला. शेवटी वैतागून म्हणाले, "अगं, मला हे वाचता येत नाही!"

"मग वाचून दाखवायला माणूस देते ना, सर," रेवती अगदी नम्रपणे म्हणाली. "फक्त तसा अर्ज करा. याच लिपीत, स्वहस्ताक्षरात."

मुळेबाईंनी फाइलीआड तोंड लपवलं. सरांनी तो कागद पुढ्यात ओढला. मग त्यांनी पेन उघडलं.

"मंजुरीची सही कुठे करू?"

"उजवीकडे खाली जागा सोडलीय, सर. चाचपलंत की सापडेल."