पिल्लांचा पहिला घास

माणसाला कोंबड्या पाळायची सवय अजून लागायची होती, तेव्हाची गोष्ट. रायबाने एकदा रानातून पाच पोरकी पिल्लं घरी आणली. त्याच्या बायकोने, सगुणाने, लगेच ज्वारीच्या कण्या अंगणात पसरल्या. पिल्लं कण्यांवरून इकडून तिकडे पळाली, पण एकानेही चोच लावली नाही. दुसऱ्या दिवशी ती पेंगायला लागली.

"मी तर कण्यांत एकही खडा ठेवला नव्हता," ओसरीवरचं सूप म्हणालं.

"मीही चांगल्या बारीक भरडल्या होत्या," जातं म्हणालं. "नखरे आहेत नुसते!"

"पण या कण्यांचं करायचं काय असतं?" धाकट्या पिल्लाने विचारलं.

सुपाने आणि जात्याने स्वतः कधी काही खाल्लंच नव्हतं.

इतक्यात अंगणात एक चिमणी उतरली. तिला हुसकायला सगुणाने हात उगारला. चिमणीने घाईघाईने चार कण्या टिपल्या. धाकटं पिल्लू मान वाकडी करून बघत होतं. त्यानेही एक कणी टिपली. मग बाकीच्यांनीही टिपल्या. सगुणाचा हात तसाच वर राहिला.

"तू आमची आई का गं?" पिल्लाने विचारलं.

"नाही रे बाळा," चिमणी म्हणाली, "मला भूक लागलीये."